वैद्याची स्वतःची दिनचर्या : काल, बल आणि विक्षेप यांचा मेळ

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे, हे आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्या अध्यायावर आपण परीक्षेत उत्तरे लिहिली, पुढे व्याख्याने दिली, शाळांतून आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यांतून त्याचे निरूपण केले. रुग्णाला पथ्यापथ्य सांगताना दिवसातून दहा वेळा आपण त्याचा आधार घेतो. मात्र तो अध्याय सांगणाऱ्या वैद्याचा स्वतःचा दिवस कसा जातो, हा प्रश्न आपण आपल्याला क्वचितच विचारतो. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी गेली अनेक वर्षे व्यवसाय करताना मीही तो विचारला नव्हता. विचारण्याची वेळ आली ती एका चुकीमुळे. ती चूक माझीच होती आणि तिच्यापासून मिळालेला धडा व्यवसायबंधूंना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

एक चूक आणि तिचा शोध

हिवाळ्याचे दिवस होते. दुपारी साडेचारच्या सुमारास तापीकाठच्या एका खेड्यातील वृद्ध गृहस्थ कासाची तक्रार घेऊन आले. ते माझे जुने रुग्ण. त्यांना मधुमेह आहे हे मला माहीत होते आणि केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलेही होते. नाडी पाहत असतानाच मोबाईल वाजला. बोलणे लांबले. एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने मी औषधे लिहिली आणि त्यांत वासावलेह लिहून गेलो. अवलेहात साखर असते, हे काय वैद्याला सांगावे लागते? परंतु त्या घटकेला ते मला आठवले नाही.

पंधरा दिवसांनी गृहस्थ परत आले ते सुनेला सोबत घेऊन. खोकला बरा होता, पण रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते, तोंडाला कोरड पडत होती आणि रक्तातील साखर बरीच वाढली होती. सुनेने बाटलीवरचा मजकूर वाचला होता. तिने बाटली टेबलावर ठेवली. बोलली काहीच नाही. बोलले ते वृद्ध गृहस्थच, अगदी शांतपणे : ‘डाक्टर, त्या दिन तुमनं ध्यान फोनमा व्हतं.’

अवलेह बंद केला, योग्य उपचार केले, आणि सुदैवाने आठ-दहा दिवसांत साखर पूर्ववत आली. मी त्यांची क्षमा मागितली. तरी एक गोष्ट मनातून जाईना. ज्ञान कमी पडले नव्हते, औषधही शास्त्रातलेच होते. मग नेमके काय कमी पडले? प्रज्ञापराधाची व्याख्या आपण धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशाने करतो आणि ती नेहमी रुग्णाला लावतो. त्या दुपारी स्मृतिभ्रंश वैद्याचा झाला होता. भोगावे मात्र रुग्णाला लागले.

एकवीस दिवसांची नोंदवही

दुसऱ्या दिवसापासून एक साधी वही केली. तिला तीन रकाने : वेळ, बल आणि विक्षेप. बलाच्या रकान्यात चरकाच्याच परिभाषेत प्रवर, मध्यम किंवा अवर एवढेच लिहायचे. विक्षेपाच्या रकान्यात त्या तासात लक्ष कशाकशाने मोडले ते लिहायचे : फोन, औषध कंपनीचा प्रतिनिधी, ‘फक्त एकच मिनिट’ म्हणून आत डोकावणारे परिचित, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. एकवीस दिवस ही वही प्रामाणिकपणे भरली.

आपले गाव लहान असले तरी बाह्यरुग्ण विभागाला एक ठरलेली लय असते. खेड्यापाड्यांतून येणारी मंडळी एसटीच्या गाड्यांवर अवलंबून. त्यामुळे सकाळी तुरळक रुग्ण, अकरापासून गर्दी, दोन-अडीचपर्यंत ती ओसरत नाही. त्यानंतर जेवण, म्हणजे तीनच्या सुमारास. लगेच साडेतीनला पुन्हा खुर्चीवर. वहीतून चार गोष्टी स्पष्ट दिसल्या.

पहिली, माझे बल सकाळी साडेसातपासून साधारण साडेअकरापर्यंत प्रवर असे आणि त्यातील पहिले दोन तास मी वर्तमानपत्र आणि मोबाईल यांत घालवीत असे. दुसरी, साडेबारा-एकच्या सुमारास सडकून भूक लागे आणि ती मी रोज दोन तास मारीत असे. तिसरी, भूक मेल्यानंतर तीन वाजता घेतलेले जेवण पोटात दगडासारखे पडून राही आणि चार ते साडेपाच हा काळ नियमाने ‘अवर’ लिहिला जाई. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : नेमक्या त्याच काळात फोन सर्वांत अधिक येत, कारण इतर व्यवसायबंधू आणि नातलग त्या वेळी मोकळे असत. बल किमान आणि विक्षेप कमाल, अशा त्या सांध्यावर मी मधुमेही रुग्णाची चिकित्सा लिहिली होती. चूक तिथे घडली नसती तरच नवल.

शास्त्राची बैठक : त्रिविध बल आणि मनाचे एकत्व

वही समोर ठेवून ग्रंथ पुन्हा उघडले, तेव्हा जुनीच सूत्रे नव्याने बोलू लागली. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात बल तीन प्रकारचे सांगितले आहे : सहज, कालज आणि युक्तिकृत. सहज बल जन्माने मिळते. कालज बल ऋतू आणि वय यांप्रमाणे कमी-अधिक होते. दिवसाच्या प्रहरांतून दोषांचा जो क्रम फिरतो, त्याप्रमाणे रोजच्या उत्साहातही असाच चढउतार होतो, असे मानण्यास अडचण नाही. युक्तिकृत बल आहार-विहाराच्या योजनेने मिळवावे लागते. ‘शक्तीच राहत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा सहज बलाला दोष देतो; वास्तविक कालज बल चुकीच्या कामात खर्च झालेले असते आणि युक्ती तर केलेलीच नसते.

विक्षेपाचे उत्तर शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात मिळते. मनाचे दोन गुण तेथे सांगितले आहेत : अणुत्व आणि एकत्व. मन एकच आहे आणि अणुप्रमाण आहे. म्हणून एकाच क्षणी ते अनेक इंद्रियांशी संयुक्त होत नाही. दोन कामे एकदम केल्याचा जो भास होतो तो मनाच्या शीघ्र गतीमुळे. म्हणजे फोनवर बोलत औषध लिहिणारा वैद्य दोन कामे एकत्र करीत नसतो. तो एका कामातून उठून दुसऱ्यात जात असतो आणि प्रत्येक खेपेस काहीतरी मागे विसरून येत असतो. त्या दुपारी मागे राहिला तो ‘मधुमेह’ हा शब्द.

तिसरे सूत्र वेगांचे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अधारणीय वेग तेरा सांगितले आहेत; मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा हे त्यांतले. त्याच अध्यायात धारणीय वेगही आहेत : मन, वाणी आणि शरीर यांचे जे आवेग विवेकाने आवरले पाहिजेत ते. आपल्या आजच्या दिवसाकडे या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. दवाखान्यात गर्दी आहे म्हणून आपण लघवी धरतो, तहान धरतो, भूक मारतो, रात्री झोप मागे ढकलतो. आणि फोन वाजला की तो पाहण्याचा जो आवेग उठतो, तो मात्र क्षणभरही धरीत नाही. धरू नयेत ते वेग धरणे आणि धरावेत ते मोकळे सोडणे, ही आधुनिक दिनचर्येची खरी व्याधी आहे असे माझे मत झाले आहे.

घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा

दिवसाच्या आरंभी कफ, मध्ये पित्त, अंती वात, आणि रात्रीही तोच क्रम, हा सिद्धांत सर्वपरिचित आहे. अलीकडे अनेक तक्त्यांत तो ‘सहा ते दहा कफ, दहा ते दोन पित्त, दोन ते सहा वात’ असा छापलेला आढळतो. समजावून सांगण्यास तो सोयीचा. पण घड्याळाच्या काट्याला बांधल्यामुळे मूळ अर्थ निसटतो. शास्त्राचा दिवस सूर्योदयाने सुरू होतो.

भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. शिंदखेडे त्या रेषेच्या पश्चिमेस पावणेआठ अंशांच्या जवळपास. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने आपला खरा मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता नसून सरासरीने साडेबाराच्या सुमारास असतो. शिवाय ऋतूप्रमाणे दिनमान बदलते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य साधारण ५.५० ला उगवतो आणि ७.१५ ला मावळतो; डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ७.०५ च्या आसपास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. दिवसाचे तीन समान भाग केले तर जूनमध्ये पित्तकाल सव्वादहा ते पावणेतीन असा साडेचार तासांचा होतो, तर डिसेंबरमध्ये पावणेअकरा ते सव्वादोन असा साडेतीन तासांचा.

ब्राह्ममुहूर्ताचेही तसेच. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे. रात्रीचा चौदावा मुहूर्त हा ब्राह्ममुहूर्त धरला, तर तो सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत येतो. जूनमध्ये आपल्या गावी तो सव्वाचार ते पाच, आणि डिसेंबरमध्ये साडेपाच ते सव्वासहा. बारमाही चारचा गजर लावून थंडीत झोप मोडणारा मनुष्य शास्त्र पाळतो असे नव्हे. तो केवळ गजर पाळतो. शिवाय वाग्भटाने हा उपदेश स्वस्थ मनुष्यासाठी केला आहे, आणि अष्टांगसंग्रहात तर उठताना रात्रीचे अन्न पचले की नाही याचा विचार करण्याचेही सुचविले आहे. रात्री अकराला शेवभाजी आणि भाकरी खाऊन पहाटे चारला उठण्याचा आग्रह धरणे हे दुहेरी अजीर्ण होय.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानेही शरीरातील कालगणनेकडे गांभीर्याने पाहिले आहे. फळमाशीतील ‘पीरियड’ हे जनुक १९८४ मध्ये विलग करण्यात आले, आणि दैनिक जैवलयीची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ मुख्यतः प्रकाशाने जुळते, तर यकृतासारख्या अवयवांतील घड्याळांवर जेवणाच्या वेळेचाही प्रभाव पडतो, हे आता मान्य झाले आहे. म्हणून सकाळचा उजेड आणि नियमित अन्नकाल या दोन गोष्टी दोन्ही शास्त्रांच्या दृष्टीने दिनचर्येचे खांब ठरतात. अर्थात कफकाल म्हणजे अमुक संप्रेरक आणि पित्तकाल म्हणजे तमुक, अशी ओढाताणीची समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा. दोन्ही शास्त्रांची भाषा वेगळी आहे. निरीक्षणे जिथे जुळतात तिथे समाधान मानावे एवढेच.

दिवसाची नवी मांडणी

वहीतील नोंदी आणि वरील विचार यांवरून मी माझ्या दिवसाची मांडणी बदलली. ती जशीच्या तशी कोणी घ्यावी असा आग्रह नाही. पण तिच्यामागील कारणे विचारात घ्यावीत.

१. सकाळचा काळ कठीण कामासाठी. नवे रुग्ण, जीर्ण व्याधी आणि ज्यांना दोन पद्धतींची औषधे चालू आहेत असे रुग्ण यांना शक्यतो सकाळी नऊ ते बारा या वेळेत बोलावतो. रसकल्प आणि भस्मे यांचे तोलमापही सकाळीच. कफकालाच्या आरंभीची जडता घालविण्यासाठी त्यापूर्वी व्यायाम आणि स्नान झालेले असावे. न्याहारी हलकी असावी. वर्तमानपत्र संध्याकाळवर गेले आणि त्यावाचून काही अडले नाही.

२. जेवण भुकेच्या वेळी. साडेबारा ते एक या अर्ध्या तासात दार बंद. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आहारविधीत न बोलता, न हसता, अन्नाकडे मन देऊन जेवावे असे सांगितले आहे. ते मी रुग्णांना सांगत असे; आता स्वतः करतो. जेवताना फोन शेजारच्या खोलीत असतो. जेवणानंतर शंभर पावले आणि थोडा वेळ वामकुक्षी. ही झोप नव्हे, विश्रांती.

३. अवर काळात हलकी कामे. दुपारी चार ते साडेपाच या वेळेत जुन्या रुग्णांची फेरतपासणी, चूर्णांच्या पुड्या, औषधांची यादी, हिशेब. या वेळेत नवा रुग्ण आलाच तर तपासतो, पण औषध लिहून झाल्यावर केसपेपर पहिल्यापासून पुन्हा वाचतो.

४. चिकित्सा मोठ्याने वाचणे. प्रत्येक रुग्णाला, त्याच्या निदानासह, औषधाचे नाव, मात्रा, अनुपान आणि पथ्य वाचून दाखवितो. अर्धे मिनिट लागते. ‘तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून’ हे शब्द तोंडातून निघाले असते, तर त्या दिवशी लेखणी थांबली असती.

५. फोनला वेळ ठरवून देणे. तपासणीच्या वेळेत फोन साहाय्यकाकडे असतो. तातडीचे असेल तरच तो आत येतो. बाकीची नावे कागदावर लिहून ठेवतो. दीड वाजता आणि सायंकाळी साडेसातला मी स्वतः सर्वांना फोन करतो. औषध प्रतिनिधींसाठी आठवड्यातील एक दुपार राखली आहे.

६. सायंकाळ आणि रात्र. सूर्यास्तानंतर गावाबाहेर थोडे चालणे, आठच्या आत भोजन, नंतर ग्रंथवाचन. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययनाचा विधी सांगताना पहाटेबरोबरच रात्रीचाही उल्लेख केला आहे. त्यामुळे रात्रीचे थोडे वाचन शास्त्रसंमतच. दहाला दिवा मालवतो.

अडलेल्या गोष्टी

ही मांडणी पहिल्या दिवसापासून सुरळीत चालली असे सांगितले तर ते असत्य होईल. पहिल्याच आठवड्यात जेवणासाठी दार बंद असताना एक वृद्ध बाई बाहेर बसून राहिल्या आणि त्यांची परतीची गाडी चुकली. पुढची गाडी सायंकाळची. माझ्या पचनासाठी त्यांना चार तास स्टँडवर बसावे लागले, हे मला बरे वाटले नाही. तेव्हापासून साहाय्यक प्रत्येक रुग्णाला प्रथम परतीच्या गाडीची वेळ विचारतो आणि एकच्या आतली गाडी असलेल्यांना क्रम मोडून आधी घेतो. शिस्त ही रुग्णाच्या सोयीसाठी आहे. ती त्याच्या गैरसोयीवर उभी राहिली तर वैद्यवृत्तीशी विसंगत होते.

काही परिचितांना फोन न उचलल्याचा राग आला. पुढे त्यांनाच दीड वाजताच्या फोनची सवय झाली. तातडीच्या रुग्णाने वेळापत्रक मोडते, आणि ते मोडलेच पाहिजे. अशा दिवशी वहीत ‘मोडले’ एवढेच लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. दिनचर्या सुटल्याची खंत करीत बसणे हाही एक विक्षेपच.

रुग्णांची दिनचर्या : आपल्या परिसराचे प्रश्न

स्वतःची वही भरल्यावर रुग्णांना विचारावयाचे प्रश्नही बदलले. ‘भूक कशी आहे’ याबरोबर ‘भूक कधी लागते आणि जेवता कधी’ हे विचारू लागलो. ‘झोप येते का’ याबरोबर ‘या आठवड्यात पाण्याची पाळी रात्री आहे का’ हेही.

हा दुसरा प्रश्न आपल्या भागात अत्यंत महत्त्वाचा आहे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज देण्याच्या हेतूने शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. काही शेतकऱ्यांचा रात्रीचा फेरा त्यामुळे चुकला, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु ज्यांना अजूनही रात्री पाणी भरावे लागते, त्यांचे अग्निमांद्य, विबंध, शिरःशूल आणि चिडचिड केवळ चूर्णांनी बरी होत नाहीत, हे आपण सर्वांनी अनुभवले असेल. अंधारात, झोपेच्या गुंगीत, बांधावर सापाचे भय असतेच. जैवलय बिघडविणाऱ्या रात्रपाळीच्या कामाची जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारकांत गणना केली आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. म्हणजे रात्रीजागर ही किरकोळ बाब नव्हे.

अशा रुग्णास मी पुढीलप्रमाणे सांगतो. पाळीच्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास हलके जेवण. रात्री दोनला भाकरी आणि ठेचा नको; लागलेच तर ऊन पेज किंवा दूध. सकाळी घरी आल्यावर आधी झोप आणि मग जेवण. वाग्भटाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात याचे मापही दिले आहे : जेवढा वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, काही न खाता झोपावे. सहा तास जागलेल्याने तीन तास. आपल्याकडे नेमके उलटे होते : मनुष्य पहाटे येतो, पोटभर न्याहारी करतो, दुपारपर्यंत कामे उरकतो आणि जेवून तीन तास झोपतो. क्रम पालटल्याबरोबर अनेकांचे पोट आणि डोके दोन्ही हलके झाल्याचे मी पाहिले आहे. औषध त्यानंतर थोडेच लागते.

दुसरा मोठा वर्ग स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरती यांची तयारी करणाऱ्या तरुणांचा. पहाटे मैदान, दिवसभर अभ्यासिका, रात्री एकपर्यंत मोबाईल. ‘वाचलेले लक्षात राहत नाही, ब्राह्मी द्या’ ही त्यांची मागणी. ब्राह्मी देण्यास हरकत नाही. परंतु आधी एकवीस दिवसांची वही देतो. बहुतेकांना स्वतःच्याच अक्षरात उत्तर सापडते. येथे प्रकृतीचाही विचार करावा. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील वर्णनाप्रमाणे कफप्रकृतीचा मनुष्य कामाला उशिरा लागतो, पण लागला की टिकतो. त्याला सलग दोन तासांची बैठक द्यावी. वातप्रकृतीचा चटकन आरंभ करतो आणि चटकन ढळतो. त्याला पाऊण-पाऊण तासाचे भाग आणि मध्ये विश्रांती द्यावी. पित्तप्रकृतीला भूक आणि क्लेश सोसत नाहीत. त्याचा अभ्यास जेवणाच्या वेळेवर रचावा. एकच वेळापत्रक सर्वांना लावणे म्हणजे एकच मात्रा सर्वांना देण्यासारखे आहे.

ऋतू आणि शेतीचे काम

शेवटी ऋतुबलाचा विचार. हेमंत-शिशिरात बल उत्तम, शरद-वसंतात मध्यम, ग्रीष्म-वर्षेत अल्प, हा क्रम चरकाने सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात दिला आहे. खान्देशात याचा शेतीशी लागणारा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. कपाशीची वेचणी मुख्यतः शरद-हेमंतात येते, तेव्हा काळ शरीराला साथ देतो. परंतु खरिपाची पेरणी आणि निंदणी ही अंगमेहनतीची कामे नेमकी वर्षाऋतूच्या तोंडाशी आणि वर्षेत येतात, जेव्हा बल आणि अग्नी दोन्ही किमान असतात. जून-जुलैत आपल्या दवाखान्यात अंगदुखी, अतिसार आणि ‘हातापायांत जीव नाही’ अशा तक्रारी वाढतात त्यामागे हे एक कारण आहे. काम तर पुढे ढकलता येत नाही. तेव्हा जड काम सकाळी पहिल्या दोन प्रहरांत, आहार उष्ण आणि लघू, अधूनमधून विश्रांती, एवढे तरी सांगावे.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. गावातील दुकाने दुपारी बंद ठेवण्याची जुनी रीत आळसाची नव्हे, शहाणपणाची आहे. दिवास्वाप सामान्यतः निषिद्ध असला तरी ग्रीष्मात रात्री लहान असल्याने आणि वाताचा संचय होत असल्याने तो चरकाला मान्य आहे. त्या दोन महिन्यांत मी स्वतः सकाळची वेळ आठपासून सुरू करतो आणि सायंकाळची साडेपाचनंतर. पाऊस पडला की दुपारची झोप बंद. अनेकांची ही सवय ऋतू संपल्यावरही सुटत नाही, आणि मग पावसाळ्यात अंग जड होते. हे रुग्णांना आवर्जून सांगावे लागते.

समारोप

दिनचर्या म्हणजे पहाटे उठण्याची स्पर्धा नव्हे. कोणत्या वेळी आपल्याजवळ किती बल आहे हे ओळखणे, त्या बलाला साजेसे काम त्या वेळेस देणे, आणि ते काम चालू असताना मनाला दुसरीकडे न जाऊ देणे, एवढाच तिचा व्यवहारातील अर्थ. वैद्याच्या बाबतीत त्याला एक नैतिक बाजूही आहे. आपल्या थकव्याची आणि आपल्या विक्षेपाची किंमत आपण देत नाही. समोरच्या बाकावर बसलेला मनुष्य देतो.

ते वृद्ध गृहस्थ अजूनही येतात. आल्यावर आधी टेबलाकडे पाहतात. फोन तिथे नसतो. मग खुर्चीवर बसून हात पुढे करतात.

वाचक वैद्यबंधू-भगिनींना विनंती, की त्यांनीही एकवीस दिवसांची वही भरून पाहावी. जळगावच्या पेठेतील व्यस्त चिकित्सालय आणि सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा यांची लय निराळी असणार. ते अनुभव या त्रैमासिकाकडे कळविले, तर खान्देशापुरती तरी वैद्यांच्या दिनचर्येची एक उपयुक्त नोंद तयार होईल.